छोट्या कारखान्यातली पगारवाढ: कुणाला, किती आणि का

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुपवाड. वसाहत कुठलीही असो, दहा-पंधरा माणसांवर कारखाना चालवणाऱ्या मालकाशी बोलणे निघाले की पाच मिनिटांत एक वाक्य येतेच: माणसे टिकत नाहीत. आयटीआय झालेला मुलगा सहा महिन्यांत मशीन शिकतो आणि हजार रुपये जास्त मिळतात म्हणून पलीकडच्या गाळ्यात जातो. दिवाळीला गावी गेलेला ऑपरेटर फोन उचलत नाही. जो टिकतो, तो पाट्या टाकतो. कामगारांशी बोलावे, तर त्यांची तक्रार निराळी. पगार कमी आहे हे ते सांगतातच. पण त्याहून जास्त वेळ बोलतात ते दुसऱ्याच गोष्टीवर. कुणाचा पगार किती आणि तो का वाढला, हे इथे कुणालाच कळत नाही.

या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. छोट्या धंद्यात पगार बहुतेक वेळा तोंडी ठरतो, एकेकट्याशी ठरतो आणि ‘बाकीच्यांना सांगू नकोस’ या अटीवर ठरतो. भारतातल्याच कामगारांवर आणि कारखान्यांत गेल्या काही वर्षांत झालेले अभ्यास पाहिले, मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास चाळला, इचलकरंजीचे माग आणि लिज्जतचे पापड यांच्याकडे पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. पगाराचा नियम कामगाराला दिसत असेल, तर त्याचे मन कामात राहते. नियमच दिसत नसेल, तर बक्षीस, सत्कार, सहल यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही.

आधी रकमेविषयी बोलले पाहिजे, कारण ती टाळून प्रेरणेवर बोलणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने कंपनी म्हणून न नोंदलेल्या बिगरशेती उद्योगांची पाहणी केली. तिच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशात असे ७.३४ कोटी उद्योग आहेत आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करतात. यांतली बरीचशी दुकाने आणि कारखाने एकट्याचे किंवा घरच्यांच्या जोरावर चालणारे आहेत. जिथे पगारी माणूस आहे, तिथे त्याला वर्षाला सरासरी १,४१,७६९ रुपये मिळतात. महिन्याचे बारा हजारसुद्धा नाहीत.

प्रेरणेवरच्या व्याख्यानांत फ्रेडरिक हर्झबर्गचे नाव हमखास येते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये निष्कर्ष मांडला. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या नीट असल्या म्हणून तो झपाटून कामाला लागतो असे नाही. त्यासाठी कामातले यश, जबाबदारी, कौतुक हवे. यात तथ्य आहे. मात्र मुलाखती झाल्या त्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या पगारदारांच्या. बारा हजारांत खोलीचे भाडे आणि मुलांची फी भागवणाऱ्या हेल्परला हर्झबर्गचा दुसरा भाग ऐकवायचा, तर आधी पहिला भाग निस्तरावा लागतो.

पहिल्या भागात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पगाराची तारीख. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी माणसांच्या आस्थापनांना सात तारखेची मर्यादा घातली. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याची सात तारीख कायम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सात तारखेला ‘थोडे घे, बाकीचे पंधराला बघू’ असे होते. पंधराला निम्मे, वीसला उरलेले. मालकाच्या लेखी पगार पुरा झाला. घरमालक, किराणावाला आणि पतपेढी यांच्याकडे कामगाराची तारीख मात्र चुकलेली असते.

याचा कामावर काय परिणाम होतो, हे ओडिशातल्या एका प्रयोगाने मोजले. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिल्बाक या अर्थशास्त्रज्ञांनी पत्रावळ्या बनवणाऱ्या नगावारी मजुरांचा अभ्यास केला. काही मजुरांच्या हातात कमावलेले पैसे थोडे दिवस आधी ठेवले, बाकीच्यांना ते नंतर दिले. दर तोच, एकूण रक्कमही तीच. आधी पैसे मिळालेल्यांचे उत्पादन सुमारे सात टक्क्यांनी वाढले आणि त्यांच्या कामात चुका कमी झाल्या. परिणाम सर्वाधिक दिसला तो जास्त गरीब मजुरांमध्ये. पैसे हातात येताच अनेकांनी आधी देणी भागवली. डोक्यावरची चिंता उतरली आणि लक्ष पत्रावळीच्या टाक्यांवर गेले, इतका साधा हिशेब. सात टक्के उत्पादन वाढवायला मालकाला नवे यंत्र घ्यायचे म्हटले, तर केवढे कर्ज काढावे लागते!

मालक मुद्दाम उशीर करतो असे क्वचितच असते. त्याचेच बिल मोठ्या कंपनीकडे अडकलेले असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक केले आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचीही जोड मिळाली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल मुदतीत भागवले नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येत नाही. तरीही एकुलत्या एका गिऱ्हाइकावर चालणारा छोटा पुरवठादार तक्रार करायला धजावत नाही. अशा वेळी एकच उपाय हातात राहतो. एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवायची आणि कच्च्या मालासाठी तिला हात लावायचा नाही. बारा माणसांच्या कारखान्यात ही रक्कम दोन-अडीच लाखांच्या घरात जाते. ती साठवायला वर्ष लागेल. पण त्यानंतर ‘इथे सात तारीख चुकत नाही’ ही ख्याती वसाहतभर पसरते, आणि माणूस शोधताना तिच्यासारखी जाहिरात नाही.

उचल हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. बहीण लग्नाची आहे, बापाला दवाखान्यात ठेवले आहे, पावसाच्या आधी पत्रे बदलायचे आहेत. बँक दारात उभे करत नाही, म्हणून कामगार मालकाकडे येतो. अडीअडचणीला दिलेली उचल माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही, आणि छोट्या मालकाचे मोठेपण इथेच दिसते. पण हीच उचल पुढे बेडी होते. किती दिली, किती कापली, किती उरली, हे फक्त मालकाच्या डायरीत असते आणि दोघांच्या आठवणीतले आकडे जुळत नाहीत. ऊसतोडीत मुकादमाच्या उचलीने माणसे कशी बांधली जातात, हे मराठवाड्याला सांगायला नको. दरमहा कपात किती आणि बाकी किती, हे दोन आकडे पगाराच्या पावतीवर छापले, तर उचलीतले वैर बरेचसे संपते.

आता मुख्य गुंता. कुणाला किती?

पुन्हा ओडिशाच. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक छोट्या मालकाने समजून घ्यावा असा आहे. ग्रामीण भागात हंगामी कामासाठी ३७८ मजूर घेतले आणि त्यांचे तिघातिघांचे गट केले. काही गटांत तिघांना सारखी रोजंदारी, काहींत वेगवेगळी. वेगळ्या मजुरीच्या गटांत उत्पादन लक्षणीय घसरले आणि हजेरी तब्बल १८ टक्के बिंदूंनी खाली आली. म्हणजे रोजगाराची गरज असलेली माणसे घरी बसली, मजुरी बुडवली. पण शेजाऱ्याला जास्त का मिळते हे न कळता काम करणे त्यांनी नाकारले. अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष याहून मोलाचा. शेजारी जास्त काम करतो हे जिथे डोळ्यांना दिसत होते, तिथे हा राग उमटला नाही. माणसे फरक सोसतात. विनाकारण फरक सोसत नाहीत.

छोट्या कारखान्यात नेमके उलटे चालते. चांगल्या कामगाराला मालक बाजूला बोलावतो, दीड हजार वाढवतो आणि कुणाला सांगू नकोस म्हणतो. चहाच्या टपरीवर ती बातमी आठवडाभरात फुटते. मग बाकीचे कारण शोधतात आणि ते सहसा वाईटच सापडते: तो मालकाच्या गावचा आहे, तो चुगल्या करतो. वाढ रास्त असूनही तिने कारखान्याचे नुकसान केले. त्याहून घातक म्हणजे राजीनामा हातात पडल्यावर दिलेली वाढ. जाणारा माणूस थांबतो खरा. पण मालकासमोर राजीनामा ठेवल्याशिवाय इथे पगार वाढत नाही, हा धडा उरलेले सगळे शिकतात आणि पुढच्या सहा महिन्यांत गिरवतात.

यावरचा उतारा म्हणजे कौशल्याची पायरी लिहून भिंतीवर लावणे. एखाद्या मशीन शॉपचे उदाहरण घेऊ. पहिली पायरी हेल्परची: माल चढवणे-उतरवणे, बर काढणे, साफसफाई. दुसरी पायरी, लावून दिलेल्या सेटिंगवर सीएनसी चालवणे आणि व्हर्निअर, मायक्रोमीटरने जॉब तपासणे. तिसरी पायरी, टूल बदलून ऑफसेट स्वतः घालणे. चौथी पायरी, ड्रॉइंग वाचून नवा जॉब सेट करणे आणि पहिला पीस पास करून घेणे. पाचवीवर तो माणूस दुसऱ्याला चौथीपर्यंत शिकवतो. प्रत्येक पायरीचा मूळ पगार ठरलेला, आणि पायरी चढायची चाचणीही ठरलेली: अमुक जॉब, अमुक वेळेत, अमुक मापात. चाचणी वर्षातून दोनदा, सगळ्यांसमोर. हेल्पर म्हणून लागलेल्या मुलाला दोन वर्षांनी आपण कुठे असू शकतो हे पहिल्याच दिवशी दिसते. मालकालाही मन मारून ‘बघू’ म्हणावे लागत नाही. सेवेच्या वर्षांसाठी छोटी वेगळी वाढ ठेवली, की जुन्या माणसाचा मानही राहतो.

अशी पायरी नसते तिथे आणखी एक जुनी खोट झाकली जाते. मसाले, फरसाण, पॅकिंग अशा कामांत तेच वजन उचलणाऱ्या, तेच यंत्र चालवणाऱ्या बाईला ‘पॅकिंगवाली’ म्हणून कमी आणि पुरुषाला ‘ऑपरेटर’ म्हणून जास्त दिले जाते. समान वेतनाचे बंधन कायद्यात १९७६ पासून आहे. काम लिहून काढले की हा फरक टिकत नाही. टिकवणाऱ्याला त्याचे कारणही लिहावे लागते.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहू. समजा, वीस हजारांचा ऑपरेटर गेला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस पहिले तीन महिने निम्मेच काम काढतो. तीस हजार तिथेच गेले. त्याने बिघडवलेला माल, तुटलेली टूल, त्याला शिकवण्यात गेलेला जुन्या माणसाचा वेळ आणि उशिरा गेलेली गाडी हे वेगळे. दीड हजारांची मासिक वाढ वर्षाला अठरा हजारांची होते. आता एकाला वाढ दिली की दहा जणांना द्यावी लागते, हा मालकाचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वाढ माणसाला नव्हे, पायरीला जोडायची. हेन्री फोर्डने १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तिच्याही मागे हेच गणित होते. त्याच्या आदल्या वर्षी कारखान्यातली गळती ३७० टक्के होती; म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसे बदलत होती. मजुरी दुपटीहून वाढवली, पाळी नऊ तासांची आठ केली आणि १९१५ पर्यंत गळती सोळा टक्क्यांवर आली. त्या पाच डॉलरांतला मोठा हिस्सा कामगाराचे घर तपासून, तो ‘नीट’ राहतो का हे पाहून मिळत असे. तो भाग विसरण्यासारखा नाही आणि उचलण्यासारखा तर मुळीच नाही.

नगावर मजुरी हा महाराष्ट्राच्या ओळखीचा विषय. इचलकरंजीत माग चालवणाऱ्याचा दर मीटरवर ठरतो आणि त्याला ५२ पिकांच्या कापडाचा आधार असतो; पिके म्हणजे कापडाच्या इंचामागचे आडवे धागे. पिके वाढली की दर वाढतो. नियम स्पष्ट आहे आणि तो सगळ्या गावाला पाठ आहे, ही त्याची ताकद. पण वीज गेली, सूत हलके आले, बीम उशिरा आले, तर मीटर कमी भरतात आणि त्यात कामगाराचा काडीचा दोष नसतो. नगावारी दराचा पहिला प्रश्न हाच: जे मोजले जाते, ते कामगाराच्या हातात आहे का?

अमेरिकेत मोटारींच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने नव्वदच्या दशकात तासाच्या पगारावरून नगावारी दरावर उडी घेतली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या नोंदी तपासल्या. माणशी उत्पादन ४४ टक्क्यांनी वाढले होते. त्यातला सुमारे अर्धा भाग त्याच माणसांनी जास्त काम केल्याने आला. उरलेल्यात मोठा वाटा चपळ माणसे कंपनीकडे ओढली जाण्याचा आणि तिथे टिकण्याचा होता. हा आकडा व्यवस्थापनाच्या वर्गांत फार मिरवला जातो. त्याच्या तीन अटी मात्र कमी सांगितल्या जातात. किमान पगाराची हमी कायम होती. एक काच एका माणसाने बसवायची, त्यामुळे कुणाचे काम किती याबद्दल वाद नव्हता. आणि सदोष बसवलेली काच त्याच माणसाला जादा पैशाशिवाय पुन्हा बसवावी लागे. या तीन गोष्टी जिथे नाहीत, तिथे नगावारी दराने माल वाढतो आणि त्याबरोबर रिजेक्शनही.

लिज्जतने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यांची मजुरीची रचना मात्र तितकी चर्चिली जात नाही. मळलेले पीठ केंद्रातून घरी न्यायचे, लाटून वाळवलेले पापड आणून द्यायचे आणि वजनावर लाटणावळ घ्यायची. पापड तपासून घेतले जातात. जी जास्त लाटते तिला जास्त मिळते. घरातले काम सांभाळून किती लाटायचे ते तिचे तीच ठरवते. त्याच वेळी नफा-तोटा मात्र सभासद भगिनींनी सारखा वाटून घ्यायचा. मेहनतीचा मोबदला मेहनतीप्रमाणे आणि मालकीचा मोबदला सारखा. दोन प्रकारच्या पैशांना दोन वेगळे नियम, आणि दोन्ही नियम शेवटच्या भगिनीला सांगता येतात. व्यवस्थापनशास्त्राच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा ही जोडणी जास्त विचारपूर्वक झालेली आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांनी तिसरी वाट धरली. गटातले काम एकमेकांत इतके गुंतलेले असते की एकाचे काम दुसऱ्यापासून वेगळे मोजताच येत नाही. एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो. म्हणून गटाची कमाई गटात जवळपास सारखी वाटली जाते, आणि कामचुकाराला धाक असतो तो गटाचा. छोट्या फौंड्रीत, बेकरीत, छपाईच्या कारखान्यात काम याच जातीचे असते. तिथे एकेकट्याला नगावर बक्षीस देण्यापेक्षा पाळीला मिळून द्यावे. समजा, महिन्याला दहा लाखांचा माल निघतो आणि त्यातला सहा टक्के रिजेक्ट होतो. तो तीन टक्क्यांवर आला तर तीस हजार वाचले. त्यातले दहा हजार पाळीतल्या सगळ्यांना सारखे वाटले तरी वीस हजार मालकाचेच. यात रिजेक्शनचा आकडा रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. महिनाअखेरीला मालकाने सांगितलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

हजेरीचे बक्षीस हे छोट्या कारखान्यांचे आवडते हत्यार, पण ते सहसा चुकीचे धरलेले असते. महिन्यात एकही खाडा नसेल तर हजार रुपये. एक खाडा झाला की शून्य. तीन तारखेला मुलाला ताप आला आणि माणूस घरी थांबला, तर उरलेल्या महिन्यात त्याच्यासाठी बक्षीस संपलेले असते. चौथा, पाचवा खाडा मग फुकटचाच. उलट अंगात ताप असताना केवळ हजार जाऊ नयेत म्हणून मशीनवर उभा राहिलेला माणूस बोट गमावू शकतो. बक्षीस उतरत्या पायऱ्यांनी ठेवले आणि आधी कळवून घेतलेली रजा खाड्यात धरली नाही, तर हे दोन्ही टळते.

दिवाळीच्या बोनसला तर मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ मध्ये दहा टक्के आणि पुढच्या वर्षी पंधरा टक्के युद्धबोनस दिला. पुढे तो वार्षिक झाला. १९२३ च्या वर्षासाठी तो देण्याचे मालकांनी थांबवले आणि १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने असा बोनस मागण्याचा कामगारांना हक्क नाही असे सांगितले, संप मोडला. पण कामगारांच्या मनातून तो हक्क गेला नाही. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र दिले, १९६१ मध्ये मेहेर आयोग बसला आणि १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. आजच्या नियमाने वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के. ८.३३ म्हणजे बरोबर एक बारांश, कामगारांच्या भाषेत ‘एक पगार’. नवा उद्योग असेल तर पहिली पाच वर्षे नफा झाला तरच तो लागू होतो, ही सवलत अनेक नव्या मालकांना ठाऊकही नसते.

म्हणून किमान बोनसला प्रोत्साहन समजणे ही चूक आहे. कामगार त्याला थकलेला पगार समजतो आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. तो दिल्याने कुणी जास्त काम करत नाही. न दिल्याने मात्र सगळे बिनसते. प्रोत्साहन द्यायचे तर ८.३३ च्या वरच्या रकमेत द्यावे, तिचा नियम दिवाळीत नव्हे, एप्रिलमध्ये सांगावा: वर्षाचा नफा किंवा डिस्पॅच इतका झाला तर इतके टक्के. वीसच्या आकड्याला घाबरून एकोणिसावरच अडून बसलेले कारखाने सगळ्या वसाहतींत आहेत. विसावा माणूस वेगळ्या नावावर किंवा ठेकेदाराकडे दाखवायचा, ही त्यांची युक्ती. ज्या माणसाला कागदावर कारखान्याचा म्हणायचे नाही, त्याने कारखाना आपला मानावा ही अपेक्षा पुरी होणार कशी?

पगाराच्या रचनेतली दुसरी जुनी युक्ती आता महागात पडेल. मूळ पगार छोटा ठेवायचा आणि बाकी रक्कम घरभाडे, प्रवास, धुलाई, ‘विशेष’ भत्ता अशा डब्यांत घालायची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, उपदान, जादा कामाचा दर सगळेच कमी. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ वेतनात धरून निधी कापायला सांगितले. नव्या संहितेने आणखी पुढे जाऊन ठरवले, की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीची रक्कम वेतनच मानायची. छत्तीस हजारांच्या पगारात चौदा हजार मूळ दाखवला असेल, तर आता अठरा हजार वेतन धरावे लागेल. अशा माणसाचे उपदान, पंधरा दिवस भागिले सव्वीस या नेहमीच्या सूत्राने, वर्षाला ८,०७७ रुपयांऐवजी १०,३८५ रुपयांनी साठते. मालकाचा खर्च वाढतो, हे खरेच. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसालाही आता पाचऐवजी एका वर्षानंतर उपदान आहे. दहा माणसांच्या पुढच्या कारखान्याने हे आकडे भावात धरले नाहीत, तर तीन वर्षांनी धक्का बसेल.

राहिला हर्झबर्गचा दुसरा भाग, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईच्या शेजारीच आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या १७ कापड कंपन्यांवर प्रयोग केला. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. या कंपन्या अगदी छोट्या नव्हत्या, पण घरच्यांनी चालवलेल्या होत्या. काहींना सल्लागार देऊन साध्या गोष्टी करायला लावल्या: दोषांची रोज नोंद, बंद मागांची कारणे, सुताचा साठा लेबल लावून ठेवणे, कामगिरीचे तक्ते सगळ्यांना दिसतील असे लावणे, कामगारांना आणि मॅनेजरांना कामगिरीवर बक्षीस. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे आधी का केले नाही, याची उत्तरे मालकांकडेच होती: कल्पना नव्हती, किंवा आपल्याकडे याचा उपयोग होणार नाही असे वाटत होते. संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. कंपनीचे किती कारखाने असतील हे ठरत होते मालकाच्या घरात पुरुष किती आहेत यावर. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, म्हणून घरचा माणूस संपला की वाढ थांबली.

इथे कामगाराच्या प्रेरणेचा खरा अडसर दिसतो. पंधरा वर्षे काम केलेल्या फोरमनच्या डोक्यावर मालकाचा नुकताच पदवी झालेला पुतण्या येऊन बसतो आणि खरेदीची, सुट्टीची, पाचशे रुपयांच्या दुरुस्तीचीही परवानगी त्याच्याकडे जाते. फोरमनचा पगार त्या महिन्यात कमी झालेला नसतो. तरी तो दुसरीकडे चौकशी करू लागतो. पाच हजारांपर्यंतचा खर्च न विचारता करण्याची मुभा अशा माणसाला पगारवाढीइतकीच मोलाची असते, आणि तिला मालकाचा एक रुपयाही जादा लागत नाही.

ऐकून घेण्याचाही हिशेब मांडला गेला आहे. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत २०१६ मध्ये वार्षिक वाढ अपेक्षेहून कमी निघाली. अच्युत अध्वर्यू, टेरेसा मॉलिना आणि अनंत न्यशाधाम यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही कामगारांना नाव न विचारता मत नोंदवायला सांगितले: पगार, सुपरवायझर, कामाची जागा. एवढ्यानेच त्यांच्यात काम सोडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले. पगार वाढला नव्हता. अर्थात दर वर्षी विचारायचे आणि काहीच बदलायचे नाही, असे केले तर ही जादू दुसऱ्या खेपेला चालणार नाही. तक्रारींतल्या दोन गोष्टी तरी महिन्याभरात हलल्या पाहिजेत: पंखा, पिण्याचे पाणी, बायकांसाठी दाराला कडी असलेले स्वच्छतागृह. छोट्या कारखान्यांत या तीन गोष्टी अजूनही मागाव्या लागतात.

सगळे एकदम करायला गेलेला मालक सहसा काही महिन्यांतच दमतो. क्रम असा ठेवता येतो: पहिले तीन महिने फक्त सात तारीख सांभाळायची आणि उचलीची बाकी पावतीवर आणायची. पुढच्या तिमाहीत पायऱ्या लिहायच्या, त्याही फोरमन आणि दोन जुन्या कामगारांना बरोबर बसवून. कारण कोणता जॉब अवघड आहे हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. पायरीवर बसवताना कुणाचा पगार त्याच्या पायरीच्या वर निघाला, तर तो कापायचा नाही. बाकीचे वर येईपर्यंत त्याची वाढ थांबवायची आणि हे त्याला तोंडावर, कारणासकट सांगायचे. ज्यांचा पगार पायरीखाली निघेल, त्यांची भरपाई दोन हप्त्यांत करावी लागेल. बहुतेक कारखान्यांत हीच रक्कम मालकाला सगळ्यात जास्त टोचते, आणि तिच्यावरच कामगारांचे सर्वांत जास्त लक्ष असते. सामूहिक बक्षीस त्यानंतर, रिजेक्शनच्या निदान सहा महिन्यांच्या नोंदी हातात आल्यावर ठरवावे. नाहीतर पहिल्याच महिन्यात लक्ष्य फार सोपे किंवा फार अवघड निघते, आणि एकदा जाहीर केलेला दर मागे घेणे नवा दर न देण्यापेक्षा वाईट.